मुराळ्याविना आखाजी

"तुमच्या हृदयाला काहीही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

त्यांना वाटलं, सुटकेचं रडू आहे. त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. खरं सांगायचं तर मी भयंकर निराश झाले होते. दीड वर्षात तीन डॉक्टर झाले, दोनदा छातीचा फोटो झाला, रक्त तपासून तपासून दंडावरची शीर रुसून बसली, आणि आता ही ईसीजीची लांबलचक पट्टी. ईसीजी म्हणजे छातीला आणि हातापायांना तारा लावून काढलेला हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. त्या पट्टीवर तरी माझा आजार उमटेल, अशी मला आशा होती. हृदयविकाराला चारचौघांत मान असतो. काहीच नाही म्हटल्यावर घरी जाऊन सांगायचं काय?

"मग मला होतं ते काय? मी नाटक करते?"

"नाही. त्रास खरा आहे. त्याला अँक्झायटी न्यूरोसिस म्हणतात."

म्हणजे भीतीचा आजार. समोर वाघ नसतो, पण शरीर वाघ समोर असल्यासारखं वागतं. छाती धडधडते, हाताला मुंग्या येतात, घसा आवळतो, आता आपण मरणार याची खात्री पटते. हे सगळं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "घरात कोणी हृदयविकारानं गेलंय?"

हा प्रश्न आधीच्या दोघांनीही विचारला होता. मी "भाऊ" म्हणायची, ते लिहून घ्यायचे. या डॉक्टरांनी लिहिलं नाही. "कसे गेले?" असं त्यांनी विचारलं.

तेव्हा पहिल्यांदा मी ते सगळं सलग सांगितलं. आमचे हे शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांनीही ते पहिल्यांदाच ऐकलं.

आमचं घर नाशकात गंगापूर रोडच्या एका कॉलनीत. हे पाटबंधारे खात्यात कारकून. माझं माहेर बागलाणातलं नामपूर. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि आखाजी हा लेकींचा सण. सासरी गेलेली लेक त्या दिवशी माहेरी हवीच. लिंबाला झोके बांधायचे, सांजोऱ्या करायच्या, आमरस ओरपायचा. त्याच दिवशी घरातून गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागरही भरायची. पण लेकीनं आपण होऊन उठून जायचं नसतं. तिला न्यायला माहेराहून माणूस यावा लागतो. तो मुराळी. मुराळी न येता गेली, तर ती लेक रुसून तरी आलेली असते नाहीतर टाकून तरी दिलेली.

माझा मुराळी म्हणजे माझा थोरला भाऊ, नाना. लग्नानंतर सलग नऊ वर्षं तो आखाजीच्या दोन-तीन दिवस आधी यायचा. खांद्याला पिशवी, पिशवीत माझ्या सासूबाईंसाठी गावरान तीळ आणि तोंडात एकच वाक्य, "आटप, गाडी सुटील." गाडीला चार तास अवकाश असला तरी हेच.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची आखाजी. मी ट्रंक भरून, मुलीला नवा फ्रॉक घालून व्हरांड्यात बसले होते. अकराची गाडी आली असेल, साडेअकरापर्यंत येईल. बारा वाजले. एक वाजला. सासूबाई म्हणाल्या, जेवून घे. मी म्हटलं, नाना आला की एकदमच बसू.

दोन वाजता यांच्या ऑफिसातला शिपाई सायकलवरून आला.

नाना गाडीतच गेला होता. खिडकीशी बसून, डोकं गजाला टेकवून. नाशिकच्या स्टँडवर सगळी गाडी रिकामी झाली तरी हा उठेना, म्हणून कंडक्टरनं हलवलं. वाटेत सगळ्यांना वाटलं, झोपलाय. त्याच्या खिशात यांच्या ऑफिसचा पत्ता लिहिलेला कागद होता. वय एक्केचाळीस. मागे आई, वहिनी आणि दोन पोरं. मला न्यायला आला नसता, तर त्या दिवशी तो शेतावर असता. निदान माणसांत असता.

हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर एक पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, "यांच्याकडे जा. औषध मी थोड्या दिवसांपुरतं देतो. बाकीचं काम त्या करतील."

नानानंतर सहा महिन्यांनी, दिवाळीला, यांच्याबरोबर नामपूरला जायला निघाले तेव्हा मला पहिला झटका आला होता. गाडी ओझरच्या पुढे गेली असेल. माझी छाती धाडधाड उडायला लागली. बोटं बधिर झाली. मला वाटलं, झालं, नानाचंच दुखणं मला आलं. मी अशी ओरडले की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. आम्ही तिथेच उतरलो. उतरल्यावर दहा मिनिटांत मी ठीक झाले, म्हणून मग गाडी वाईट ठरली. पुढच्या वेळी यांनी टॅक्सी केली. तीही भावडबारीच्या घाटाखालून परत फिरवावी लागली.

त्यानंतर हा आजार गाडीतून उतरून कॉलनीत आला. आधी रविवार कारंज्यावर जाताना, मग अशोक स्तंभापाशी, मग कोपऱ्यावरच्या गिरणीत. एकटी असले की पायाखालची जमीन मऊ व्हायची. सोबत कोणी असलं की बरी असायची.

आणि गंमत बघा, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. आपल्याकडे बाईला सोबत मागायला कारण लागतच नाही. भाजीला शेजारीण, दवाखान्यात हे, देवळात सासूबाई. रेशनच्या दुकानात मी दुसरीतल्या मुलीचं बोट धरून जायची. बघणाऱ्याला वाटायचं, आई लेकराला सांभाळून नेतेय. खरं तर ते लेकरू मला नेत होतं. सासूबाई तर आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या, "आमची सून एकटी उंबरा ओलांडायची नाही." आजाराचं इतकं कौतुक झालेली दुसरी रोगी मी तरी पाहिलेली नाही.

पण मला माझं कळत होतं. मला आईकडे जायचं होतं. फक्त तेवढंच. रात्रंदिवस तेच. पोळ्या लाटताना मला नामपूरच्या बाजारात ओतलेल्या कांद्याचा वास यायचा. दुपारी आडवी झाले की आमच्या ओसरीवरची आईची चाहूल यायची, एक पाय जरा घासत चालायची ती. मी डोळे मिटून तिच्या मागे मागे फिरायची. नाना गेल्यावर दहाव्याला गेले होते तेवढीच. तेव्हा आई माझ्याशी चार शब्दही बोलली नव्हती. कोणाशीच बोलली नव्हती, हे खरं. पण माझ्या मनानं ते माझ्या नावावर लिहून घेतलं.

महिन्याकाठी नामपूरहून कार्ड यायचं. आईला लिहिता येत नाही, ती सांगायची आणि वहिनी लिहायची. सगळे खुशाल, पाऊस बरा, जावईबापूंना नमस्कार. पूर्वी प्रत्येक कार्डाच्या शेवटी 'ये' असायचं. नाना गेल्यापासून ते नव्हतं. मी कार्ड उलटसुलट करून बघायची. पत्त्याच्या बाजूलासुद्धा बघायची. मग एका कार्डात आलं, आईला दिसायला कमी आलंय, सटाण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय. काचबिंदू म्हणजे ग्लॉकोमा. मोतीबिंदू काढता येतो, तसं यात नसतं. गेलेली नजर परत येत नाही, आणि आईची बरीचशी गेली होती.

त्या कार्डाच्या शेवटीही 'ये' नव्हतं.

म्हणून मी त्या पत्त्यावर गेले. धीर वगैरे आला म्हणून नाही. आईला मी दिसायला हवी होते, ती दिसेनाशी व्हायच्या आत.

त्या बाई म्हणजे गुर्जरबाई. मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. कॉलेज रोडच्या बाजूला त्यांचं बैठं घर होतं, पुढच्या खोलीत त्या लोकांना भेटायच्या. पाटी नव्हती. ऐंशीच्या सुमाराला नाशकात अशा ठिकाणी जाणं म्हणजे डोक्यात फरक पडल्याची कबुलीच. आमच्या यांनी सासूबाईंना सांगून टाकलं, इंदू विणकामाच्या क्लासला जाते. पंधरा दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, स्वेटर कुठाय? मग काय करता! बाईंच्या व्हरांड्यात वाट बघत बसले की मी सुया चालवायची. त्यातून एक बनियन-स्वेटर खरंच झाला. त्याचा एक खांदा तोकडा होता. सासूबाईंनी तो तीन थंड्या घातला आणि क्लासवाल्या बाईला येत काही नाही, असं मत कायम ठेवलं.

वाट बघताना दुसरेही असायचे. एक मास्तर होते, फळ्याकडे पाठ करून वर्गासमोर उभं राहता येत नाही म्हणून आलेले. आम्ही एकमेकांकडे बघत नसू. एकदा त्यांनी माझा लोकरीचा गुंडा उचलून दिला, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

बाईंनी पहिल्या दिवशी मला उपदेश केला नाही. घाबरू नका, असंही म्हणाल्या नाहीत. ते वाक्य मला इतक्या जणांनी सांगितलं होतं की ते ऐकलं की मी आणखी घाबरायची. त्या म्हणाल्या, "भीती चढते, टोकाला जाते आणि आपोआप उतरते. तुम्ही दर वेळी चढावरच गाडीतून उतरता. उतार तुम्ही अजून पाहिलेलाच नाही."

"आणि चढतानाच मेले तर?"

"आजवर किती वेळा मेलात?"

मला राग आला. पण घरी येताना रिक्षात मी मनात मोजलं. एकदाही नाही.

त्यांच्या पद्धतीला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. ज्याची भीती वाटते, त्याच्याजवळ थोडं थोडं करून जायचं, आणि भीती उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही. पहिली पायरी फाटकापर्यंत एकटीनं. मग गिरणी. मग पोस्ट. प्रत्येक ठिकाणी श्वास कसा सोडायचा ते त्यांनी शिकवलं. घ्यायचा नव्हे, सोडायचा. घाबरलेलं माणूस श्वास घेतच सुटतं.

आणि एक अट होती. सोबत नाही.

"अहो, तुमची माणसं चांगली आहेत," बाई म्हणाल्या, "तीच अडचण आहे. ती तुमच्याबरोबर असतात, म्हणून तुम्हाला वाटतं त्यांच्यामुळे वाचलात."

शेजारी बसलेल्या यांनी मान डोलावली. बाहेर पडल्यावर मला म्हणाले, "बाई म्हणतात तसंच करायचं."

गिरणी जमली. तिथे पहिल्या दिवशी मी वीस मिनिटं पिठाच्या धुरळ्यात उभी होते, आणि खरंच, एका क्षणी छाती आपोआप शांत होत गेली. मला हसू आलं. गिरणीवाला म्हणाला, "काय झालं ताई?" मी म्हटलं, "उतार लागला." त्याला वाटलं, दळण सांडलं.

पोस्ट जमलं. सहाव्या आठवड्यात मी अशोक स्तंभापर्यंत गेले. भर चैत्रातलं ऊन. मागे वळून पाहिलं, तर एक मनुष्य शेंगदाणेवाल्याच्या गाडीआड काळी छत्री उघडून उभा. उन्हाळ्यात छत्री घेऊन फिरणारा नाशकात एकच पुरुष मला माहीत होता, आणि त्याच्याशी माझं लग्न झालं होतं.

सहा आठवडे ते माझ्यामागे येत होते. ऑफिसला उशीर करून, सायकल हातात धरून, शंभर पावलांच्या अंतरावरून.

मी रस्त्यात त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझं सगळं खोटं ठरलं होतं. मी एकटी कुठे गेलेच नव्हते. मी दोन दिवस अंथरुणातून उठले नाही. हे दाराशी येऊन उभे राहायचे आणि जायचे. शेवटी म्हणाले, "नाना तिथे एकटा गेला गं. कोणी बरोबर नव्हतं. तुझ्या बाबतीत मला तसं..." आणि वाक्य सोडून दिलं. तोवर मला वाटत होतं, नानाचं भूत माझ्याच मानेवर बसलंय.

तिसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगितलं, सगळं पाण्यात गेलं.

"का?"

"ते मागे होते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग ते चालणं कोणाच्या बळावर झालं?"

बाईंनी यांनाही आत बोलावलं आणि पुढचा अर्धा तास मला बाहेर बसवलं. यांच्याशी काय बोलल्या ते मला आजतागायत माहीत नाही. पण छत्री पावसाळ्यापर्यंत बाहेर निघाली नाही.

पुढचं वर्ष गाडीचं. सीबीएसवर उभ्या गाडीत नुसतं बसायचं, सुटायच्या आधी उतरायचं. नाना ज्या स्टँडवर उतरवला, तेच हे स्टँड. पहिल्या दिवशी मी पायरीवरूनच परतले. आठव्या दिवशी बसले. कंडक्टर वैतागला, "बाई, जायचंय का नाय? रोजचं काय हे?" मी म्हटलं, "जायचंय हो, पण अजून नाही." मग आडगाव. मग ओझर. ओझरला दोनदा हरले. दुसऱ्यांदा हरले तेव्हा महिनाभर प्रयत्नच सोडला. बरं होणं म्हणजे सरळ जिना चढणं, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी चार पायऱ्या चढायची आणि तीन उतरायची, आणि दोन्ही वेळा सारखीच दमायची.

एकदा बाईंनी विचारलं, "आई बोलवत नाही, याचा अर्थ तुम्ही काय घेता?"

"नाना माझ्यामुळे गेला, असं तिला वाटतं."

"विचारलंत?"

"असं कसं विचारायचं?"

"मग ते तिचं वाटणं नाही. तुमचं आहे."

मला ते पटलं नाही. पण त्यानंतर नामपूरला जायची भीती आणि गाडीची भीती या दोन वेगळ्या आहेत, असं मला दिसायला लागलं. गाडीत छाती चढायची. आईचं तोंड आठवलं की पोटात खड्डा पडायचा. मी दोन्हींना एकच नाव देऊन बसले होते.

नाना गेल्यानंतरची तिसरी आखाजी आली. कार्डात 'ये' नव्हतंच. सणाच्या आदल्या दिवशी मी यांना म्हटलं, "मी उद्या जाते. एकटी. मुलगी तुमच्याकडे." यांनी माझी पिशवी खुंटीवरून काढून दिली. मग म्हणाले, "खिडकीशी बसू नकोस." तेवढंच त्यांनी मागितलं.

सकाळची पहिली नामपूरची गाडी. मी आतल्या बाजूला बसले. ओझरला भीतीचा चढ लागला. मी श्वास सोडत राहिले. पिंपळगाव गेलं. सोग्रस फाटा गेला. भावडबारीत मला खात्री झाली की मी मेले. शेजारच्या म्हातारीनं माझ्याकडे बघून पिशवीतला लिंबू काढला आणि "वांती व्हई ऱ्हायनी का?" म्हणून माझ्या नाकाशी धरला. देवळा आलं तेव्हा लिंबू माझ्या मुठीत चेपलेला होता आणि मी जिवंत होते. सटाणा. मग नामपूरचा बाजार.

घर स्टँडपासून दहा मिनिटांवर. मी पिशवी घेऊन गल्लीत शिरले, तो झोक्यावरच्या पोरी थांबल्या. ओट्यावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. बरोबर नवरा नाही, मुराळी नाही, ऐन आखाजीला एकटी चालत आलेली लेक. सव्वा वर्षाच्या मेहनतीनंतर माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम करून मी येत होते, आणि एक बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली.

आई ओसरीवर होती. कोणीतरी आधीच आत ओरडलं होतं.

"कोन शे?"

"मी. इंदू."

"एखली वनी? जवाई कोठे शेत?" तिचा आवाज फाटला. "काय व्हयनं माय? टाकी दिधं का तुले?"

"नाही गं आई. तुला भेटायला आले. एकटी आले गाडीनं."

तिनं हात पुढे केला, मला चाचपून धरलं आणि ओसरीच्या कडेला उन्हात ओढलं. काचबिंदूत नजर कडांकडून संपत येते. शेवटी समोरचं नाण्याएवढं गोल तेवढं उरतं. तिला माझा अख्खा चेहरा एकदम दिसत नव्हता. तिनं माझी हनुवटी धरली आणि तुकड्यातुकड्यानं मला पाहिलं. एक डोळा. मग दुसरा. नाक, ओठ, कपाळावरचं कुंकू. कुंकवापाशी जास्त वेळ थांबली.

"बारीक व्हई गयी," ती म्हणाली. मग म्हणाली, "इतला डाव बलायं, तू येतच नव्हती. मुराळी नही म्हनीसन रुसनी व्हशी, आसं वाटे मले. कोनले धाडू माय? मना जोडे कोन ऱ्हायनं?"

इतक्या वेळा बोलावलं. मी तिच्याकडे बघत राहिले. मग वहिनीकडे पाहिलं. ती आतल्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या मागे देवळीखाली नानाच्या नावाची घागर भरलेली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे.

वहिनी आत वळली. मी मागे गेले. चुलीशी ती माझ्याकडे पाठ करून बोलली.

"आई दर डावले सांगेत, 'ये' लिख. मी लिखं नही, ताई. एकबी डाव नही." परातीत पाणी ओतून म्हणाली, "तुमले लेवाले गयात ते. मना हातले ते अक्षरच ये ना."

मला न्यायला गेले, म्हणून 'ये' नाही. तीन वर्षं. माझ्या हातात तिथे काही असतं तर मी आपटलं असतं. आईची बरीचशी नजर त्या तीन वर्षांत गेली होती. मी तिला म्हटलंसुद्धा, "वहिनी, तू माझी तीन वर्षं खाल्लीस." ती हो म्हणाली. बाजू मांडली नाही. मग मला तिचे हात दिसले. पीठ मळताना थरथरत होते, बोटं आकडल्यासारखी. ते थरथरणं मला ओळखीचं होतं. ती तीन वर्षं नामपूरच्या बाजारापलीकडे गेली नव्हती. माहेरी नाही, सटाण्याला नाही. विधवा बाई कुठे जात नाही, म्हणून तिचंही कौतुकच झालं असणार.

मी चार दिवस राहिले. आईनं मला रोज सकाळी उन्हात बसवून पाहिलं. वर्षभरात तिची उरलीसुरली नजरही गेली. पण पुढची सात वर्षं ती माझा चेहरा सांगायची तो त्या आखाजीचा. माझे केस पिकले तरी तिच्या लेखी काळेच राहिले.

मी पूर्ण बरी झाले का? नाही. अजूनही गाडी सुटताना छाती एकदा चढते. पण उतार असतो, हे मला ठाऊक झालंय. ज्यांना हे होतं, त्यांना मी एवढंच सांगेन की हे काही वेडेपण नाही, नाटक तर नाहीच, आणि याच्यासाठी माणसं असतात. विणकामाच्या क्लासला म्हणून जा हवं तर, पण जा. गुर्जरबाई आता नाहीत. त्यांनी मला धीर दिला असं लोक म्हणतात. तसं नाही, त्यांनी माझा धीर माझा मलाच काढायला लावला. ते ऋण फार मोठं आहे.

पाचव्या दिवशी मी निघाले, तेव्हा वहिनी आईला आणि पोरांना शेजारणीवर सोपवून, नवं लुगडं नेसून दाराशी उभी होती.

"मी येऊ का, ताई? नाशिकले?" ती म्हणाली. "माले तो रस्ता देखना शे."

आई म्हणाली, "जाय."

गाडीत मी वहिनीला खिडकी दिली. सटाण्याला तिनं माझा दंड पकडला, तो सोडलाच नाही. तिचा श्वास चढला की मी म्हणायची, सोड, सोड, हळूहळू सोड. देवळा गेलं. घाट गेला. फाट्यापाशी तिनं विचारलं, "कोठे व्हयनं व्हई?"

मी म्हटलं, "कोणालाच माहीत नाही, वहिनी. सगळ्यांना वाटलं झोपलेत."

तिनं मान हलवली. मग काचेवरचा धुरळा पदरानं पुसला आणि नाशिक येईपर्यंत तिनं एकही झाड, एकही विहीर, एकही वस्ती न बघता जाऊ दिली नाही.